सांगलीतलं अंत्यविधी साहित्याचं दुकान: कोणाच्या घरी कोणता संच न्यावा

मर्तिकाच्या घरातून दुकानात येतो तो बहुधा भाऊबंद किंवा शेजारी असतो. हातात यादी नसते, अर्ध्या तासात परतायचं असतं, आणि काउंटरवर जे बांधून मिळेल ते उचलून तो निघतो. म्हणून अशा दुकानाची पारख भावावरून करू नये, दुकानदार आधी काय विचारतो यावरून करावी. सांगलीच्या कृष्णाकाठच्या जुन्या पेठेतल्या ज्या दुकानाबद्दल हे लिहिलं आहे, तिथं सामानाला हात लावण्याआधी चार गोष्टी विचारतात: "कोण गेलं, वय काय, दहन का दफन, आणि विधी सांगायला कोण येणार?" दुकानाचं नाव मुद्दाम दिलेलं नाही. याच कसोट्या लावून मिरजेतलं, साताऱ्यातलं किंवा आपल्या गावातलं दुकान कोणालाही तपासता येईल.

चौथा प्रश्न सगळ्यात मोलाचा. भटजी येणार असतील तर तीळ आणि दर्भ हवेत. जैन उपाध्ये येणार असतील तर ते दोन्ही नकोत. लिंगायत स्वामी येणार असतील तर विभूती, बेल आणि मीठ. मौलाना, पास्टर, बौद्धाचार्य येणार असतील तर सामान आणखी वेगळं. सांगली-मिरजेत ही सगळी घरं एका गल्लीत नांदतात, पण माणूस गेल्यावर त्याचं काय होतं, याबद्दलच्या त्यांच्या श्रद्धा एकमेकींशी जुळत नाहीत. एका घरच्या मृताला दहा दिवस अन्नपाणी पोचवावं लागतं. शेजारच्या जैन घरात देह थंड व्हायच्या आतच जीवानं दुसरा जन्म घेतलेला असतो. पलीकडच्या लिंगायत घरातला माणूस शिवात मिळाला, त्याला आता कुठं जायचं उरलेलं नाही. मुस्लिम घरातला कबरीत कयामतची, म्हणजे अखेरच्या निवाड्याच्या दिवसाची, वाट पाहणार. यांतली कोणाची श्रद्धा खरी, हे ठरवणं दुकानाचं काम नाही. ज्याची जी आहे तिला धक्का न लावता सामान देणं हे मात्र त्याचंच काम आहे, आणि बहुतेक बाबतींत हे दुकान ते नीट करतं. जिथं चुकतं, तिथं बारकाईनं पाहायला हवं.

हिंदू दहनाचा संच सगळ्यात जास्त खपतो आणि तो उत्तम आहे. तिरडीसाठी आठ फुटांचे दोन कळक, आडव्या सात कामट्या, बांधायला काथ्या, अंथरायला कडबा. कळक ओला देतात, हे योग्य. वर्षभर वाळलेला कळक भुंगा लागून पेरापाशी पोकळ होतो आणि खांद्यावर असताना तडकतो. काथ्याऐवजी नायलॉनची दोरी मागणारे असतात, कारण ती पटकन बांधून होते. पण सरणावर ती वितळते, गाठी आधी सुटतात आणि देह कलतो. कापडाचंही तसंच. पॉलिस्टर मिसळलेलं पांढरं कापड स्वस्त पडतं, पण आगीत आकसतं आणि चिकटतं. इथं दोन्ही प्रती ठेवलेल्या असतात आणि न सांगितल्यास मिश्र कापडच गाठोड्यात जातं. "सुती द्या" असं तोंडानं सांगावं लागतं. हे बदलायला हवं.

गाडगी दोन येतात, एक विस्तवाचं आणि एक पाण्याचं. पाण्याचं गाडगं पातळ भाजणीचं आहे ना, हे टिचकी मारून पाहावं. ते खांद्यावर घेऊन कर्ता, म्हणजे अंत्यविधी करणारा, तीन फेऱ्या मारतो आणि प्रत्येक फेरीला मागचा माणूस दगडानं त्याला भोक पाडतो. यंत्रावरच्या जाड गाडग्याला भोक पडत नाही, तो जोर लावतो आणि गाडगं खांद्यावरच फुटतं. ज्या दगडानं भोकं पाडली तोच जीवखडा, म्हणजे अश्मा. पुढचे दहा दिवस तिलांजली त्याच्यावर सोडायची असते. स्मशानातल्या गर्दीत हा दगड हरवण्याचं प्रमाण फार, म्हणून संचात लाल कापडाची छोटी पिशवी दिलेली आहे. साधी गोष्ट, पण ज्यानं ती घातली त्याला विधी माहीत आहे.

दहाव्याचं सामान वेगळ्या पुड्यात मिळतं आणि ते पहिल्या दिवशी घेऊ नये, भटजींना विचारून मग घ्यावं. दहा पिंडांना अर्धा किलो तांदूळ किंवा सातूचं पीठ पुरतं. काळे तीळ, दर्भ, मध, तूप, लोकरीचा धागा, पळसाच्या पत्रावळी आणि द्रोण एवढं त्यात आहे. यामागची समजूत गरुडपुराणातली: दहनानंतर मृताला देह उरत नाही, रोजच्या पिंडानं नवा देह घडतो, पहिल्या पिंडानं डोकं, आणि दहाव्यानं तहान-भूक. मग वर्षभराचा यमलोकीचा प्रवास. सपिंडीकरण, म्हणजे मृताला पितरांत मिळवण्याचा विधी, मुळात वर्षाअखेरीचं, आता बहुतेक घरांत बाराव्यालाच उरकतात. कावळा शिवला नाही तर दर्भाचा कावळा करून पिंडाला लावायची सोय शास्त्रानंच ठेवली आहे, म्हणून दर्भाची जुडी जरा जाड घ्यावी. चार काड्यांत कावळा होत नाही.

इथं एक अडचण पुष्कळांच्या मनात येते आणि काउंटरवरही बोलली जाते. गीता सांगते की जुनं वस्त्र टाकून नवं घ्यावं तसा आत्मा नवा देह घेतो. मग दहा दिवस पिंड कोणासाठी? भटजी याचं उत्तर आतिवाहिक देहाच्या कल्पनेनं देतात: एक देह सुटला आणि दुसरा मिळायचा आहे, या मधल्या अवस्थेतला सूक्ष्म देह. ज्यांना हे पटतं ते दहावा करतात. वारकरी घरांत भजन-कीर्तनावरच भर असतो. सत्यशोधक वळणाची घरं भटजीही बोलावत नाहीत. सातारा जिल्ह्यातलं कटगुण हे जोतीराव फुल्यांचं मूळ गाव, सत्यशोधक समाजाची स्थापना पुण्यात २४ सप्टेंबर १८७३ ला झाली, आणि सांगली-सातारा या दोन्ही जिल्ह्यांत ती परंपरा अजून जिती आहे. अशा घरातल्या माणसानं "दहाव्याचं काही नको" म्हटलं तर हे दुकान आग्रह करत नाही. "अहो, निदान कावळ्यापुरतं तरी न्या" असा सूर इतर ठिकाणी लागतो, तो इथं लागत नाही.

लाकूड दुकानात नाही, वखारीतून परस्पर स्मशानात पोचवतात. एका देहाला साधारण ३०० ते ४०० किलो लागतं, खाली शेणींचा थर वेगळा. बाभळीचं किंवा आंब्याचं वाळलेलं असावं. दोन ओंडके एकमेकांवर आपटून पाहावेत: वाळलेलं खणखणतं, ओलं बद्द वाजतं. ओलं लाकूड काट्यावर जड भरतं आणि सरणात धुमसत राहतं, मग त्यावर रॉकेल ओततात आणि वरचं जळून खालचं राहतं. पावसाळ्यात आयर्विन पुलाजवळ पाणी धोक्याच्या ४५ फुटांकडे सरकू लागलं की काठावरच्या स्मशानभूमीचा भरवसा नसतो. तेव्हा लाकूड कुठं उतरवायचं हे महापालिकेला विचारल्याशिवाय गाडी भरू नये. सरणावर ठेवण्याआधी प्लास्टिकचे हार, गादी, उशी काढावी. छातीत पेसमेकर असेल तर तो डॉक्टरांकडून आधीच काढून घ्यावा, आगीत त्याची बॅटरी फुटते. हे शेवटचं दुकानदार स्वतःहून विचारतो, आणि विचारणारे फार थोडे.

आता जैन संच. सांगली भागात दिगंबर जैन घरं मोठ्या संख्येनं आहेत आणि त्यांच्यासाठी वेगळा संच ठेवणं हे या दुकानाचं खरं वैशिष्ट्य. तत्त्वार्थसूत्र या जैन ग्रंथाच्या दुसऱ्या अध्यायात जीवाच्या एका जन्मातून दुसऱ्या जन्माकडे जाण्याचा हिशेब आहे: सरळ गेला तर एका समयात, वळणं घेत गेला तरी चार समय उलटायच्या आत. समय म्हणजे काळाचा सगळ्यात सूक्ष्म भाग, डोळ्याची पापणी लवायला असे असंख्य समय लागतात. या वाटेवर जीव एक, दोन किंवा तीन समय अनाहारक असतो, काहीच ग्रहण करत नाही. म्हणजे पिंड ज्याला द्यायचा तो वाटेत जेवत नाही, आणि पोचल्यावर तर तो दुसऱ्या कुठल्या तरी देहात आहे. हिंदू संचातली पिंडाची अख्खी तयारी इथं निराधार ठरते. म्हणून जैन संचात तीळ, दर्भ, पिठं नाहीत. कापड, कळक, खोबरं, कापूर, चंदन, तूप एवढंच.

याच श्रद्धेतून घाईही येते. अंतर्मुहूर्तात, म्हणजे ४८ मिनिटांच्या आतच, मृतदेहात सूक्ष्म जीव उपजू लागतात असं जैन मानतात. जितका उशीर तितकी दहनात हिंसा जास्त. लांबच्या पाहुण्यांसाठी थांबण्याचा आग्रह जैन घरात का धरू नये, ते यावरून समजेल. लाकूडही किडलेलं चालत नाही. वखारीत सांगून ठेवावं आणि उतरवताना ओंडके झटकून घ्यावेत, साल सुटलेलं लाकूड परत करावं. दुकान हे वखारवाल्याला फोनवर सांगतं, पण सांगितलं का, हे आपण पुन्हा विचारावं.

जैन संचात खटकते ती गंगाजलाची बाटली. ती तिथं का आहे याचं उत्तर दुकानात मिळत नाही. बहुधा हिंदू संचातून तशीच आली. शेजारच्यांचं पाहून दहावा करणारी जैन घरंही आहेत हे खरं, आणि सुतक तर ते पाळतातच. पण ज्यानं मागितली नाही त्याच्या गाठोड्यात ती नसावी.

लिंगायतांसाठीचा संच सगळ्यात अवघड आणि तिथंच दुकान कमी पडतं. लिंगायत माणूस मरत नाही, लिंगैक्य होतो, म्हणजे शिवात मिळतो. देह जाळत नाहीत, पद्मासनात बसवून समाधी देतात, डाव्या तळहातावर त्याचं इष्टलिंग, म्हणजे दीक्षेत मिळालेलं, अंगावर वागवायचं छोटं लिंग, असतं. बसवण्णांच्या शिकवणीत मरणाचं सुतक नाही, आणि पिंड-श्राद्धालाही जागा नाही. संचात विभूती, बेल, रुद्राक्ष, भगवं वस्त्र आणि मीठ येतं. मिठाची एकच पिशवी देतात, ती पुरत नाही. खड्ड्यात देहाभोवती विभूती आणि मीठ भरायचं असतं, तेव्हा मीठ पोत्यानंच घ्यावं. खड्ड्याचं माप मृताच्या पावलांनी घेतात आणि देह बसवायला एका भिंतीत त्रिकोणी कोनाडा कोरतात, म्हणून पावलाच्या लांबीची दोरी आधी कापून खणणाऱ्याकडे द्यावी.

मुख्य अडचण बसवण्याची. मृत्यूनंतर दोन ते सहा तासांत देह ताठू लागतो, बारा तासांच्या सुमारास पूर्ण ताठतो आणि पुढं दीडएक दिवसानं सैल पडतो. मांडी घालायची ती पहिल्या दोन-तीन तासांतच. दवाखान्यातल्या शीतपेटीत आडवा ठेवलेला देह बाहेर काढल्यावर वाकत नाही आणि घरचे गुडघ्यावर जोर देतात; ते बघवत नाही. दवाखान्यातूनच "बसवून न्यायचं आहे" असं सांगितलं तर अर्धी अडचण सुटते. दुकानात भाड्यानं मिळणारं विमान, म्हणजे देह बसवून न्यायची पालखी, सुंदर सजवतात, पण त्याची पाठ फूटभरच उंच आहे. पाठीची फळी खांद्यापर्यंत हवी, छातीपाशी आणि हनुवटीखाली मऊ पट्टा हवा, नाहीतर मिरवणुकीत मान पुढं पडते. ही दुरुस्ती एका सुताराच्या दिवसभराच्या कामाची आहे. दुकानात चकचकीत इष्टलिंगंही विकायला आहेत. ती घेऊ नयेत. दीक्षेत मिळालेलं, आयुष्यभर अंगावर वागवलेलं लिंगच सोबत जातं. ते सापडत नसेल तर स्वामींना विचारावं, ते सांगतील तसं करावं.

मुस्लिम कफनाचं कापड या दुकानात चांगलं मिळतं, कारण इथला कापणारा जाणकार आहे. पुरुषाला तीन कपडे: लिफाफा (सगळ्यावरून गुंडाळायची चादर), इजार (आतली चादर), कमीस (सदरा). बाईला पाच: वर ओढणी आणि सीनाबंद (छातीपट्टा). शिवण नाही. लिफाफा डोक्याकडून आणि पायाकडून हातभर जास्त हवा, कारण दोन्ही टोकं बांधायची असतात. म्हणून कापडाचा पन्हा आधी पाहावा. अरुंद पन्ह्याचं कापड स्वस्त दिसतं, पण जोड द्यावा लागतो आणि लांबी जास्त घ्यावी लागते. गुस्ल, म्हणजे मृताची आंघोळ, बोरीच्या पानांच्या पाण्यानं, तीन, पाच किंवा सात असं विषम वेळा, आणि शेवटच्या पाण्यात कापूर. देवापुढच्या कापराच्या गोळ्या भेसळीच्या असू शकतात. भीमसेनी मागावा, कुटून घ्यावा, आणि थोडा नमाजात जमिनीला टेकणाऱ्या सज्द्याच्या जागांसाठी, म्हणजे कपाळ, नाक, तळहात, गुडघे, पाऊल यांच्यासाठी, बाजूला ठेवावा. कबरीत देह उजव्या कुशीवर, तोंड किबल्याकडे, म्हणजे मक्केतल्या काबाकडे. सांगलीहून ती दिशा पश्चिमेला, किंचित उत्तरेकडे कललेली. इथल्या काळ्या मातीत बगलेला कोरलेली कबर पावसात ढासळते, म्हणून मध्ये खोल चर काढून वर फरश्या टाकणं सुरक्षित. फरश्या दुकानात मिळत नाहीत.

कबरीत मुनकर-नकीर हे दोन फरिश्ते प्रश्न विचारतात, मग कयामतपर्यंत बरजख, म्हणजे मधला काळ, इथपर्यंत मुसलमानांत फारसं दुमत नाही. दुमत आहे ते जिवंतांनी पुढं काय करावं याबद्दल. तिसऱ्या दिवसाची जियारत (कबरीची भेट), चाळिसावं, फातिहा (कुराणपठणाची प्रार्थना) यांचा सवाब, म्हणजे पुण्य, मृताला पोचतो असं मानणारे आहेत, आणि दिवस ठरवून केलेलं हे सगळं बिदअत, म्हणजे धर्मात नंतर घुसवलेलं, म्हणणारेही आहेत. दुकान कफनासोबत जियारतीचा पुडा आपोआप जोडत नाही, विचारून देतं. मिरजेसारख्या दर्ग्याच्या गावाजवळ धंदा करताना हा संयम सोपा नाही, आणि त्याबद्दल दुकानाला पूर्ण गुण द्यावेत.

ख्रिस्ती शवपेट्या मागणीनुसार मिरजेहून मागवतात, त्याला अर्धा दिवस धरावा आणि माप खांद्याच्या रुंदीसह कळवावं. प्रोटेस्टंट घरांत मृतासाठी प्रार्थना करत नाहीत, नातेवाइकांसाठी करतात. कॅथलिक घरांत शोधनस्थानातल्या, म्हणजे स्वर्गाआधी शुद्ध होत असलेल्या, आत्म्यासाठी मिस्सा (चर्चमधली उपासना) होते. कॅथलिकांना दहनाची मुभा १९६३ पासून आहे, मात्र रक्षा विखरू नये किंवा घरी ठेवू नये, हे चर्चनं २०१६ मध्ये स्पष्ट केलं. दहन करणाऱ्या कॅथलिक घरानं म्हणून अस्थींसाठी बंद झाकणाचा कलश मागावा.

बौद्ध संच साधा आणि बरोबर आहे: पांढरं वस्त्र, मेणबत्त्या, अगरबत्ती, फुलं, पंचशील ध्वज. १९५६ च्या धर्मांतराच्या वेळच्या २२ प्रतिज्ञांत श्राद्धपक्ष आणि पिंडदान न करण्याची प्रतिज्ञा आहे, आणि बाबासाहेबांनी आत्मा नाकारलेला आहे. पुढं होतो तो पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम.

म्हणूनच या दुकानाची सगळ्यात मोठी चूक आता सांगायला हवी. प्रत्येक गाठोड्यात एक छापील माहितीपत्रक टाकलेलं असतं: आत्मा तेरा दिवस घरात फिरतो, दिवा विझू देऊ नये, दहाव्याला कावळा न शिवल्यास इच्छा राहिली असं समजावं. हिंदू घरातही सगळ्यांना ते मान्य नाही. जैन, लिंगायत, बौद्ध घरात तर ते त्यांच्या श्रद्धेच्या थेट विरोधात जातं. दुःखात बसलेल्या घरातली एखादी म्हातारी ते वाचते आणि "आपण दिवा लावला नाही" म्हणून कासावीस होते. दुकानदाराच्या चार नेमक्या प्रश्नांनी मिळवलेला विश्वास हा एक कागद घालवतो. प्रत्येक संचाचं वेगळं पत्रक छापावं, नाहीतर छापूच नये. तोवर घरी नेण्याआधी कागद काढून टाकावा.

लहान मूल गेलं असेल तर वय नक्की सांगावं. दात यायच्या आतलं मूल हिंदू घरातही पुरतात, त्याला तिरडी, लाकूड काही लागत नाही, आणि दुकान पुरण्यापुरतंच सामान देतं. नेत्रदान करायचं असेल तर ते सहा तासांच्या आत व्हायला हवं: पंखा बंद करावा, पापण्या मिटून वर ओला कापूस ठेवावा, डोकं उशीनं थोडं उंच करावं. देहदानासाठी मिरजेचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय जवळ आहे, पण शवविच्छेदन झालेला देह घेत नाहीत. दोन्हींची माहिती काउंटरच्या काचेखाली लावलेली आहे, ही फार चांगली गोष्ट.

बिल मागितल्यावरच मिळतं, ते मागावं. उरलेलं न फोडलेलं सामान तिसऱ्या दिवसापर्यंत परत घेतात, कापलेलं कापड सोडून. मर्तिकाचं उरलेलं घरात ठेवत नाहीत म्हणून लोक ते नदीत टाकून येतात, त्यापेक्षा हे बरं. दुकान रात्रीही उघडून देतं, वरच्या मजल्यावर हाक मारावी लागते. घरी मृत्यू झाला असेल तर सामान आणायला माणूस पाठवतानाच दुसऱ्याला डॉक्टरांकडे पाठवावं: मृत्यूच्या कारणाचा दाखला नसेल तर स्मशानात नोंद अडते, आणि मृत्यूची नोंद २१ दिवसांच्या आत करायची असते. स्मशानातल्या नोंदीच्या पावतीवरचं नाव आधारकार्डाशी जुळतं का, ते तिथंच वाचून पाहावं.